भांडंभर सांडलेली वीज

"मेस बंद!" रावसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "सोमवारपासून जेवण बाहेरून येईल. विजेचं बिल बघून माझे डोळे पांढरे झालेत! हे सगळं तुमच्या मिक्सरनं आणि फ्रीजनं खाल्लंय!"

हौसाबाई दारातच थबकली. ती आली होती कणीक संपत आल्याचं सांगायला, आणि इथं चूलच विझायची वेळ आली! मेसमध्ये तिच्यासकट सहा बायका राबत होत्या. सहा घरं त्या एका चुलीवर चालत होती.

निफाडकडच्या माळावर रावसाहेबांनी मोठं कॉलेज उभारलं होतं. लोक त्यांना शिक्षणसम्राट म्हणत, आणि सम्राट म्हटला की हट्ट आलाच. फाटकावर 'स्मार्ट कॅम्पस' अशी पाटी, छपराछपरावर सोलर, तळघरात बॅटऱ्या. व्हरांड्यातून कुत्रं गेलं तरी दिवे आपोआप लागत, जणू जावईच आलाय! तरी बिल काही उतरत नव्हतं. त्याचं कारण इंजिनिअर टिल्लूंनी पडद्यावर आलेख दाखवून कितीदा तरी सांगितलं होतं, पण दुसऱ्या आलेखाला रावसाहेब हटकून घोरू लागत.

"रावसाहेब," हौसाबाई म्हणाली, "मेस वीज खाती, पण जेवायला घालून खाती. सांडती ती येगळीच!"

"सांडते? वीज म्हणजे काय ताक आहे?"

"ताक बरं की! सांडलेलं दिसतं तरी."

कोपऱ्यात टिल्लू खोकले. रोज जेवताना ते हेच रडगाणं गात, त्यामुळे हौसाबाईला ते पाठ झालं होतं. छपरावरची वीज असते सरळ वाहणारी. तिला तारेतून धाडायचं म्हणून एका खोक्यात उलटसुलट करायचं. पण दिव्यांना, कॅमेऱ्यांना, कॉम्प्युटरना लागते सरळच! म्हणून प्रत्येकापाशी आणखी एक खोकं, तिला पुन्हा सरळ करायला. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत सरळ विजेचीच तार टाकली, तर खोकी हवीत कशाला?

"तूप ह्या भांड्यातनं त्या भांड्यात ओतत बसलं," हौसाबाई म्हणाली, "की दर भांड्याला थोडं चिकटणारच!"

रावसाहेबांनी अंगावरची शाल सावरली आणि मिशीत हसले. "ठरलं तर! ती सांडलेली वीज भांड्यात भरून उद्या सकाळी माझ्यासमोर आण. बल्ब नको, बॅटरी नको, आलेख तर मुळीच नको! नाही आणलीस, तर मेसला कुलूप!"

टिल्लूंचा चेहरा पडला. "मावशी, काय बोलून बसलात!" ते बाहेर येऊन पुटपुटले. "वीज कधी भांड्यात भरता येते का?"

"ते मला काय ठाऊक? शिकलेले तुम्ही!" हौसाबाई फणकारली. पण चुलीपाशी पाच जणी वाट बघत होत्या. त्यांना काय तोंड दाखवायचं?

त्यात थंडी अशी पडलेली की मेसमध्ये दोन दिवस दहीसुद्धा लागलं नव्हतं. विरजण घातलेलं दूध सकाळी पाण्यासारखं पातळच. ते तिनं मनीपुढे सरकवलं. मनी ही मेसची मांजर. तिनं भांडं चाटूनपुसून साफ केलं आणि शेपूट उंचावून निघाली.

'रोज दूध पिऊन ही भवानी जाते तरी कुठं?' हौसाबाई तिच्या मागोमाग गेली. मनी थेट रावसाहेबांच्या ऑफिसात शिरली आणि त्यांच्या खुर्चीमागच्या कपाटात गडप झाली! रावसाहेब जेवायला गेले होते. हौसाबाईनं कपाटात डोकावून पाहिलं. वर सत्कारात मिळालेल्या ढाली आणि शालींची चळत. खाली, त्या ढालींवरच्या दिव्यांची आणि भिंतीवर रावसाहेबांचे फोटो दाखवणाऱ्या पडद्यांची काळी खोकी, दाटीवाटीनं. त्यांच्यावर मनी पाय पसरून झोपलेली. हौसाबाईनं हात लावला. खोकी चांगली ऊन लागली. ती एकटीच खुदकन हसली.

संध्याकाळी ती दोन झाकणाची भांडी घेऊन आली. "रावसाहेब, दोन्हींत एकच दूध, एकच विरजण. एक ऱ्हाईल तुमच्या टेबलावर, एक तुमच्या कपाटात. मनीला मी नेते, नायतर पुरावाच पिऊन टाकील! खोलीला कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या खिशात."

"आणि वीज?"

"तीच भरायला ठेवतीया!"

सकाळी द्राक्षबागांतून शेकोट्या पेटल्या होत्या, एवढी थंडी. रावसाहेबांनी स्वतः कुलूप काढलं. टेबलावरच्या भांड्यात दूध जसंच्या तसं, डुचमळतंय! हौसाबाईनं कपाटातलं भांडं काढून उलटं धरलं. टिल्लूंनी डोळे मिटले. थेंबही पडला नाही. दही असं घट्ट, की सुरीनं वड्या पाडाव्यात!

"ही घ्या सांडलेली वीज! साखर घालू का?"

"हे दही आहे!" रावसाहेब गरजले.

"मग ते लावलं कुणी? दूध तेच, विरजण तेच, खोली तीच. ह्या भांड्याला ऊब दिली कुणी? खोक्यांत सांडलेल्या विजेनंच की!"

रावसाहेबांनी चमचाभर दही तोंडात टाकलं, मग दुसरा चमचा. "एवढीशीच सांडते होय!" ते हट्टानं म्हणाले.

"ही एका कपाटाची. अशी खोकी खोलीखोलीत हाईत. समद्यांवर भांडी ठेवली तर दही खायला आख्खा तालुका बोलवावा लागंल!"

रावसाहेबांचे खांदे हलू लागले. मग पोट हललं. मग ते असे हसले की ढाली खणखणल्या! "टिल्लू! बॅटरीपासून दिव्यांपर्यंत ती सरळ विजेची सरळ तार टाका. खोकी काढा. आणि मेस चालूच राहील, मी आहे तोवर! हौसाबाई, तुला काय हवं ते माग!"

"खोकी गेली की कपाट गार पडंल, रावसाहेब. आणि तुम्हाला तर दह्याची चटक लागली!" हौसाबाईनं चळतीकडे बोट दाखवलं. "त्यातली एक शाल द्या. भांड्याला गुंडाळली की दही लागतं, बिल न येता!"

"घे!" रावसाहेबांनी चळतीतली एक शाल भांड्याभोवती गुंडाळली. मग अंगावरची काढून हौसाबाईच्या खांद्यांवर घातली, सत्काराचा नारळ हातात ठेवला, आणि हसू दाबत टिल्लूंना म्हणाले, "बघताय काय? टाळ्या वाजवा!"