शूर्पारक बंदरातला उभा दलाल

फार पूर्वी शूर्पारक नगरीत राजा वसुमित्र राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याच नगरीत एका दलालाच्या घरी जन्माला आले. त्यांचे नाव नंदक. वडिलांमागे तेच काम त्यांच्याकडे आले आणि ते करता करता त्यांचे केस पांढरे झाले.

शूर्पारकातून मोठी गलबते दूर सुवर्णभूमीला जात. एका माणसाच्या ऐपतीने गलबत भरत नसे, म्हणून नगरातले लोक त्यात वाटे घेत. वाटा घेणाऱ्याला भाजलेल्या मातीची मुद्रा मिळे. गलबत परत आले की मुद्रा दाखवायची आणि आपल्या वाट्याचा माल न्यायचा. गलबताला यायला वर्ष लागे, कधी त्याहून जास्त. तोवर कुणाच्या घरी लग्न निघे, कुणाच्या घरी आजारपण येई, आणि त्याला आपली मुद्रा विकावी लागे. त्यासाठी बंदरालगत मुद्रांचा बाजार भरत असे.

त्या बाजारात दोन प्रकारची माणसे होती. व्यापारी आपल्या आसनावर बसून असत. ते स्वतःच्या पैशाने मुद्रा विकत घेत आणि पुढे चढ्या भावाने विकत. भाव चढला तर नफा त्यांचा, गलबत बुडाले तर नुकसानही त्यांचेच. त्यांच्यापुढे जाणाऱ्याला ठाऊक असे, की हा माणूस स्वतःसाठी बोलतो आहे. दलालाजवळ मात्र स्वतःची एकही मुद्रा नसे. तो कुणाच्या तरी सांगण्यावरून गिऱ्हाईक शोधत हिंडे, सौदा जमला की ठरलेली अल्प दलाली घेई. त्याने बाजारात बसायचे नाही, उभे राहायचे, अशी रीत होती. उभा दिसला की तो दुसऱ्याच्या कामावर आहे, हे अनोळखी माणसालाही कळत असे.

नंदक सारे आयुष्य असे उभे राहिले. त्यांचे गुडघे सुजत. संध्याकाळी घरी आले की उंबरा ओलांडताना ते दाराची चौकट धरत. त्यांची बायको सुमना तेल कोमट करून ठेवी आणि पाय चोळून देई.

भद्रसेन नावाचा एक व्यापारी त्यांचा जुना परिचित होता. त्याने एकदा त्यांना आपल्या शेजारी बसण्याचा, भागीदार होण्याचा आग्रह केला. थोडी पुंजी साठली आहे, गुडघे थकले आहेत, आता कुणासाठी उभे राहायचे, असे त्याचे म्हणणे होते. नंदकांना ते पटले. त्यांच्या मनातही तेच होते. पण हाती घेतलेली लोकांची कामे आधी पुरी करतो आणि मग येऊन बसतो, असे ते म्हणाले. कामे पुरी होत आली की नवीन कुणीतरी दारात येई, आणि नाही म्हणणे त्यांना जमत नसे.

अशीच एकदा रेवती आली. ती एका कुंभाराची विधवा. नवऱ्याने ‘जलपद्मा’ नावाच्या गलबतात वाटे घेतले होते, त्या मुद्रा तिच्यापाशी होत्या. तिचा धाकटा भाऊ सीमेवरच्या लढाईत शेजारच्या राजाच्या हाती सापडला होता. कैद्यांची खंडणी घेऊन जाणारा तांडा दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होता, आणि ज्यांची खंडणी येणार नाही त्यांना खाणीत पाठवतील असा निरोप होता. जलपद्मेला यायला फार उशीर झाला होता. ती बुडाली असेच सगळे धरून चालले होते, त्यामुळे मुद्रांना कुणी हात लावीत नव्हते. मिळेल त्या किमतीला विका, भावाला सोडवण्यापुरते आले की झाले, असे सांगून तिने मुद्रा नंदकांच्या ओंजळीत ठेवल्या.

नंदक बाजाराकडे निघाले. वाटेत खाडीच्या काठी एक म्हातारा कोळी होडी ओढताना दिसला. तो उत्तरेकडून नुकताच आला होता. बोलता बोलता त्याने सांगितले, की एका टेकडीच्या आडोशाला मोठे गलबत नांगर टाकून उभे आहे, डोलकाठी मोडलेली आहे, पण माणसे जिवंत आहेत, आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कमळ कोरलेले आहे. ती जलपद्माच होती. नंदकांनी विचारले, की हे आणखी कुणाला सांगितले का. कोळी म्हणाला, “तुम्हीच पहिले भेटलात.”

गुडघे दुखत होते म्हणून नंदक आधी घरी गेले आणि सुमनेला सारे सांगितले. ती म्हणाली, “आपली पुंजी आहे. तिला हवे तेवढे आपणच देऊ आणि मुद्रा ठेवून घेऊ. तिचा भाऊ सुटेल. तुमचे पाय सुटतील. यात कुणाचे वाईट होते ते मला सांगा.”

ती लोभाने बोलत नव्हती. तिने ते पाय इतकी वर्षे चोळले होते. नंदकांनाही त्या घटकेला बसण्याखेरीज दुसरे काही नको होते. भिंतीला टेकून ते बसले, डोळे मिटले, आणि त्यांना वाटले की आता उठूच नये.

शेवटी ते म्हणाले, “भद्रसेनाने हे केले असते तर दोष नव्हता. तो समोर बसतो, घेणारा म्हणून बसतो. तिने मला घेणारा समजून मुद्रा दिल्या नाहीत, आपला माणूस समजून दिल्या. मी तिच्या कामावर चाललो असताना जे ऐकले, ते तिचे आहे.”

त्यांनी हात पुढे केला तेव्हा सुमनेने त्यांना उठायला आधार दिला.

ते रेवतीकडे गेले. कोळ्याने सांगितलेले सारे तिला सांगितले, मोडलेल्या डोलकाठीसकट. गलबताच्या पोटात माल किती उरला आहे ते कुणालाच ठाऊक नाही, हेही सांगितले. थांबली तर कदाचित पुष्कळ मिळेल, म्हणाले. रेवती म्हणाली, की तांडा थांबणार नाही. मग नंदकांनी तिला विचारले, “बाजारात हे सांगून विकू का? सांगायचे तर सगळे सांगेन. अर्धे सांगणार नाही.” तिने मान हलवून होकार दिला.

बाजारात उभे राहून त्यांनी तसेच सांगितले. गलबत दिसले आहे, पाहणारा एकच माणूस आहे, डोलकाठी मोडली आहे, मालाचे ठाऊक नाही, आणि आपण रेवतीसाठी विकायला आलो आहोत. लोक हसले. विकणाऱ्याच्या माणसाला बरे नेमके आजच गलबत दिसले, असे कुणीसे म्हणाले. नंदकांनी वाद घातला नाही. ऊन चढले तरी ते मुद्रा घेऊन उभे होते.

दुपारनंतर भद्रसेनाने त्यांना बोलावले. तो म्हणाला, “नंदका, मी हे माझ्या फायद्यासाठी घेतो आहे. उपकार समजू नकोस.” त्याने चांगला भाव दिला. भद्रसेनाने घेतलेले पाहून हसणाऱ्यांनीही इतरांकडच्या जलपद्मेच्या मुद्रा शोधून शोधून घेतल्या. रेवतीची खंडणी पहाटे तांड्याबरोबर गेली.

काही दिवसांनी जलपद्मा दुसऱ्या गलबताच्या दोराने ओढली जात बंदरात आली. सारा गाव धक्क्यावर जमला. खलाशी उतरले, आपापल्या माणसांच्या गळ्यात पडले. पण गलबताचे पोट रिकामे होते. वादळात जीव वाचवण्यासाठी त्यांनी सगळा माल समुद्रात टाकून दिला होता.

संध्याकाळी लोक नंदकांच्या दारात आले. दलालाने थापा मारून लुबाडले, असे त्यांचे म्हणणे होते. कुणी त्यांचा खांदा धरून ओढला. नंदक म्हणाले, की जे ऐकले तेवढेच सांगितले होते. कुणी ऐकले नाही. तेव्हा गर्दीतून भद्रसेन पुढे आला. सर्वांत जास्त नुकसान त्याचेच झाले होते, त्याला आता आसन आवरावे लागणार होते.

तो म्हणाला, “याला सोडा. मालाचे ठाऊक नाही, हे त्याने मला सांगितले होते. धोका मी पत्करला. व्यापारी म्हणून बसतो तो त्यासाठीच. भाव चढला असता तर मी याला वाटा दिला असता का? मग बुडाले ते याच्या दारात कशाला आणायचे?”

लोक हळूहळू पांगले. भद्रसेन बराच वेळ ओट्यावर बसून राहिला. सुमनेने त्याला पाणी दिले.

तो गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, की बरे झाले आपण त्या मुद्रा घेतल्या नाहीत. नंदक म्हणाले, “गलबत मालाने भरून आले असते, तरी न घेतल्या तेच बरे झाले असते.”

रेवतीचा भाऊ खंगलेला, पण चालत घरी आला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सागत नावाच्या भिक्खूला सांगितली. विहारात दान म्हणून आलेली चीवरे, म्हणजे अंगावरची वस्त्रे, भिक्खूंना वाटून देण्याचे काम सागताकडे होते. ज्याला जुने मिळे तो त्याच्यावर संशय घेई. एक उपासिका तेवढी त्याच्यावर विश्वास ठेवून आपले दान त्याच्याच हाती देत असे. तो थकला होता आणि या कामातून मला मोकळे करा, असे सांगायला आला होता. कथा ऐकून त्याने विचारले, “भंते, त्या दलालाला पुढे कधी बसायला मिळाले का?”

शास्ता म्हणाले, “त्या जन्मात नाही.”

मग ते म्हणाले, “सागता, त्या वेळची रेवती म्हणजे आज तुझ्या हाती दान देणारी ती उपासिका. दारात जमलेले लोक म्हणजे तुझ्यावर संशय घेणारे हे भिक्खू. तो कोळी म्हणजे आपल्या विहाराचा म्हातारा द्वारपाल. आपले नुकसान दुसऱ्याच्या माथी न मारणारा भद्रसेन तू होतास. आणि उभा राहणारा दलाल मी होतो.”

सागताने वंदन केले आणि तो पुन्हा चीवरे वाटायला गेला.

ज्याचे काम हाती घेतले त्याच्याशी, स्वतः थकलेले असतानाही, खरे राहणे, या सत्य-पारमितेची ही कथा आहे.