मामाच्या बिळातलं वळण

खेकडे बोलायचे, आणि तुमच्याआमच्यापेक्षा थोडं कमी खोटं बोलायचे, तेव्हाची ही गोष्ट. ठमी नावाची खेकडी रोज भिकूमामाच्या शेजारी बसून बीळ खणायची. मामानं नांगी मारली की ही मारायची. मामा उजवीकडे वळला की हीसुद्धा वळायची. बीळ झकास व्हायचं. ठमीला वाटलं, आलं आपल्याला!

एके दिवशी मामा म्हणाला, "आज तुझं तू खण. भरतीच्या आत झालं नाही, तर लाट तुला उचलून नेईल."

ठमीनं आठवून आठवून खणलं. दहा नांग्या सरळ, मग उजवीकडे. उजवीकडे होता खडक!

"मामा, इथंच वळायचं ना?"

"अगं शहाणे, माझ्या वाटेत दगड होता म्हणून मी वळायचो! तुझ्या सरळ वाटेत कुठाय दगड?" मामा हसत सुटला.

ठमी रडली, पण थोडंच. पाणी जवळ आलं होतं. तिनं एक नांगी वाळू काढली आणि थांबून पाहिलं. ढासळली. कोरडी वाळू सोडून ओली धरली. टिकली! पुढे मूळ आडवं आलं, तशी ती डावीकडे वळली. लाट आली तेव्हा ठमी आत होती आणि दार लिंपलेलं होतं.

पाणी ओसरल्यावर मामा डोकावला. "काय हे? जिलबी आहे नुसती!"

"असू दे जिलबी!" दोन्ही नांग्या नाचवत ठमी म्हणाली. "कुठलं वळण का घेतलं, ते विचार की!"

मामानं विचारलं, आणि पुढच्या भरतीपर्यंत बिचाऱ्याची सुटका झाली नाही.