धक्क्यावरचं पहिलं पाऊल

एका राज्यात भद्रकेतू नावाचा राजा होता, आणि त्या राज्यात एक विचित्र रिवाज होता. नव्या कशावरही पहिलं पाऊल राजाचं. नवा पूल असो, नवी पायरी असो, कुणी अंगण सारवलेलं असो, आधी राजा येऊन पाऊल ठेवी, मग लोक ठेवीत. तोवर माणसं आपल्याच उंबऱ्यात ताटकळत उभी राहत. राजाला वाटे, केवढा हा आपला मान! लोकांना काय वाटे, ते राजाला कुणी सांगत नसे.

राजवाड्यामागे राजाचं खासगी तळं होतं. एका टळटळीत दुपारी दूरच्या डोंगरावरचा एक म्हातारा जादूगार तिथे आला. वाट तुडवून त्याच्या पायांना फोड आले होते.

"घटकाभर पाय भिजवतो," तो म्हणाला.

पहारेकरी हैबतीने भाला आडवा धरला. "तळं महाराजांचं आहे. पाय काढ!"

राजा सज्जात विडा चघळत बसला होता. त्याने सगळं पाहिलं आणि मान वळवली.

राजकन्या इंदुलेखा तेव्हा तळ्यात नाव वल्हवत होती. जादूगार म्हणाला, "राजा, तुझ्या तळ्याचा काठ माझ्या पायांना लागला नाही. तो तुझ्या लेकीच्या पायांनाही लागणार नाही. तिच्या नावेला सात फळ्या आहेत. दर पुनवेला एक गळेल आणि सातवीबरोबर लेक जाईल. त्याआधी नावेपर्यंत धक्का बांध. ज्याचा मान पहिला, त्याचं पाऊल आधी पडलं, तरच तो टिकेल."

एवढं बोलून त्याने हैबतीवर फुंकर मारली. हैबतीचा खंड्या पक्षी झाला, आणि जादूगार आल्या वाटेने निघून गेला.

त्या दिवसापासून नाव वीस हात आत थांबली. कुणी पोहत गेलं तर ती तेवढीच मागे सरके. फळी गळली तरी बुडत नसे, नुसती आखूड होई. खंड्या चोचीतून डाळिंबाचे दाणे नेऊन राजकन्येला भरवी आणि काठावर येऊन ओरडे, "पाय काढ! पाय काढ!" दुसरे शब्द त्याला येतच नव्हते.

राजाने पाथरवट बोलावले. दगडी धक्का झाला, ढोल वाजले. "पहिला मान माझाच की!" असं म्हणत राजाने पाऊल उचललं.

"पाय काढ!" खंड्या ओरडला.

पक्ष्याचं कोण ऐकतो? दगड लोण्यासारखे विरघळले आणि राजा मुकुटासकट पाण्यात पडला. राजज्योतिषी म्हणाले, "महाराज, डावं पाऊल पडलं." मग सागवानी धक्का झाला. राजाने आठवणीने उजवं पाऊल टाकलं. खंड्या पुन्हा ओरडला, सागवान तळाशी गेलं, आणि राजा पुन्हा गटांगळ्या खाऊ लागला. इतकं होऊनही कुणाच्या डोक्यात प्रकाश पडेना. जन्मभराचा रिवाज तो!

आता एकच फळी उरली. इंदुलेखा तिच्यावर अंग चोरून उभी होती.

"आबा, मला घरी यायचंय," ती म्हणाली. राजाचं काळीज तुटलं. पुनवेला पाच दिवस उरले होते.

तेव्हा धोंडाई सुतारीण पुढे आली. "धक्का मी बांधते. पण तीन कामं महाराजांनी स्वतः करायची. कबूल?"

"कबूल."

"पहिलं काम, रानातून लाकडं अनवाणी वाहून आणायची. दुसरं, मी लाकडी मोगराने खांब ठोकीन तेव्हा पाण्यात उभं राहून तो धरायचा. तिसरं मागाहून सांगेन."

राजाने दोन दिवस लाकडं वाहिली. खडे टोचले, वाळू पोळली, तळपायांना टरारून फोड आले. तिसऱ्या दिवशी तो लंगडत पाण्यात उतरला. गार पाणी फोडांना लागलं आणि त्याच्या तोंडून मोठा सुस्कारा निघाला. खांब धरून तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"मोगर लागला का महाराज?" धोंडाईने विचारलं.

"नाही. त्या म्हाताऱ्याला एवढंच हवं होतं, धोंडाई. एवढंसुद्धा मी दिलं नाही. माझी मलाच लाज वाटते."

"मग तिसरं काम सांगायला नको," धोंडाई म्हणाली, आणि तिने पुढचा खांब उचलला.

धक्का उभा राहताच राजा तसाच अनवाणी डोंगराकडे गेला. पुनवेच्या दिवशी, उन्हं कलताना, तो जादूगाराला पाठुंगळीला घेऊन परतला. त्याला खाली उतरवलं, तोच ढोल वाजले. सवय कुठली जायला! राजाचं पाऊल आपोआप पुढे झालं.

"पाय काढ!" खंड्या ओरडला.

या वेळी राजाने ऐकलं. पाऊल मागे घेऊन त्याने हात जोडले. "आजोबा, आधी तुम्ही."

"रिवाज तर तुझा आहे."

"ज्याला मी हाकललं, त्याचा मान पहिला."

म्हातारा हसला. फळ्यांवरून सावकाश चालत तो टोकापर्यंत गेला, खाली बसला आणि त्याने दोन्ही पाय पाण्यात सोडले. धक्का तसूभरही हलला नाही. इंदुलेखाची फळी हळूच येऊन त्याला टेकली. राजकन्येने उडी मारली आणि धावत येऊन आबांच्या गळ्यात पडली. दोघंही रडली, दोघंही हसली. खंड्याचा हैबती झाला. मिशीत एक निळं पीस तेवढं राहिलं. सवयीने त्याने तोंड उघडलं, "पाय..." आणि आवंढा गिळून म्हणाला, "पाय सोडून निवांत बसा, आजोबा."

त्या दिवशी तो रिवाज मोडला. सारवलेल्या अंगणात आधी घरचीच पोरं धावू लागली. तळ्यावरचा पहारा उठला, काठ सगळ्यांचा झाला. अजूनही तिकडे जाल तर धक्क्याच्या टोकाला दमलेले वाटसरू पाण्यात पाय सोडून बसलेले दिसतील. संध्याकाळी राजाही येतो. जागा नसली तर मागे उभा राहतो, कुणी सरकून घेईपर्यंत.