फणीतला उजेड

उंबरजाईच्या डोंगरापायथ्याला एक होता हैबती सनईवाला, आणि एक होती त्याची बायको येसू. चार कोस पलीकडे राहायचे हैबतीचे गुरू, भैरूबुवा. बुवांनी ऐंशी ओलांडलेली, पण तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात. सनई अशी फुंकायचे की चालती गाय उभी राहावी.

"बुवा, तुमच्या दातांचं औषध सांगता, का मी इथंच बसून राहू?"

दारात पाऊल टाकतानाच हैबतीनं विचारलं.

बुवा सनईच्या तोंडाची, फुंकायची पत्ती दोऱ्यानं बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "बस की. ऊठ कोण म्हणतंय?"

बसवतंय कशाला! दसरा दीड महिन्यावर आलेला. उंबरजाई देवीची पालखी देवळाच्या एकशेआठ पायऱ्या चढते, तोवर सनईचा सूर तुटायचा नाही, अशी तिथली रीत. गेल्या साली सत्तराव्या पायरीला हैबतीच्या हिरड्या ठणकल्या, तोंडात रक्त आलं, ओठ सुटले. पालखी जागच्या जागी थांबली. पंच म्हणाले, एकदा माफ. यंदा सूर तुटला तर सनईचा मान दुसऱ्या घराला.

सात पिढ्यांचा मान, बरं का.

"दात कशानं घासतोस?"

"बाभळीच्या काडीनं. बोटभर काडी झिजेस्तोवर. माझ्याएवढे पांढरे दात गावात कुणाचे नाहीत, बुवा!"

"आणि रक्त?"

"...ते येतं."

बुवांनी आत हाक मारली. "अगं, तुझी फणी आण."

बुवांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, लाकडी फणी आणून ठेवली. मळानं गच्च. "तीन नातींची डोकी विंचरलीत तिनं," म्हणाल्या, "जपून धरा."

"ही साफ कर," बुवा हैबतीला म्हणाले. "तुझ्याच काडीनं."

हैबतीचं तोंड उतरलं. एवढा नावाजलेला सनईवाला, आणि फणी घासायची? पण गुरूची आज्ञा. घासली, घासली, घाम येईस्तोवर घासली. वरून अशी लखलखीत केली की विचारू नका. मग ऐटीत बुवांपुढे धरली.

बुवांनी ती उन्हाकडे केली.

पलीकडून उजेडाचा एक ठिपकाही आला नाही.

दाराआडून सगुणाबाई हसल्या. "अरे बाबा, एवढा बाप्या झालास! फणीत दोरा घालतात. येसू घालत असेल की रोज. कधी बघितलं नाहीस?"

"ते बायकांचं काम," हैबती पुटपुटला.

बुवांनी पत्ती बांधायचा मेण लावलेला रेशमी दोरा हातभर तोडला. दोन बोटांना गुंडाळला. आ केला. एकेका फटीत दोरा हळूच उतरवला आणि दाताच्या कडेनं वरखाली फिरवला. करवतीसारखा नाही. तान्ह्याचा कान पुसावा तसा.

मग चूळ भरली, आणि पुन्हा पत्ती बांधायला बसले.

"एवढंच?" हैबतीचा आवाज चढला. "चार कोस चालत आलो. ना मंत्र, ना मुळी... दोरा?"

बुवांनी दोऱ्याची गुंडी त्याच्या हातात दिली. "रोज कर. मंगळवारी ये."

मंगळवारी आला तो तणतणतच. "बुवा, रक्त दुप्पट झालं! दोरा कसला, वैरी आहे!"

"येतं कुठून?"

"फटीतून."

"म्हणजे दोरा नेमका पोचला. थांबू नकोस."

"किती दिवस?"

बुवांनी सनईत फुंकर घालून पाहिली.

त्यानंतर हैबती जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून बसायचा. कुणी बघू नये म्हणून. येसू म्हणायची, "भिंतीला कशाला दात दाखवता? इकडं वळा. मागच्या दाढा राहिल्या तुमच्या." आधी चिडला, मग वळला. तिसऱ्या आठवड्यात एकदा दोरा बाहेर आला तो पांढराच्या पांढरा. हैबतीला खरं वाटेना. येसूला दिवा धरायला लावून पुन्हा बघितलं.

दसरा उजाडला. पालखी उठली.

दहा पायऱ्या... पन्नास... सत्तराव्या पायरीला माणसांनी श्वास रोखला. खाली येसूनं डोळे मिटले.

सूर तसाच. भरलेला, गोड, अखंड.

शंभर. एकशेआठ. पालखी गाभाऱ्यात टेकली, तरी हैबती थांबेना. मग काय, गुलाल उधळला, नगारे कडाडले. म्हाताऱ्या पंचानं स्वतःच्या डोक्याचा फेटा सोडून हैबतीला बांधला. "मान ह्याच घराचा," म्हणाला. "पोराबाळांच्या, त्यांच्या पोराबाळांच्याही." येसूची ओटी खणानारळानं भरली. सात पिढ्यांचा मान घरात राहिला, आणि पुढच्या पिढ्यांचं दारही उघडलं.

भैरूबुवा खाली पहिल्या पायरीवर बसले होते. हैबती धावत उतरला, फेट्यासकट त्यांच्या पायांवर पडला.

"बुवा, हे सगळं झालं ते तुमच्या कृपेनं!"

बुवा हसले. सगळे दात दिसले.

"माझी कृपा असती, हैबती... तर एकदाच पुरली असती."