आक्का खड्ड्यातून उठत नाहीत

"...मग माझं कोणीच का खरं मानलं नाही, आक्का?"

कौतिक मागाच्या खड्ड्याच्या काठावर उभी होती. उभी कसली, खांबाला लटकलेली.

कमरेपर्यंत खड्ड्यात बसून वेणूआक्का पैठणी विणत होत्या. पदरावरचा मोर अर्धा झालेला. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणी नाही मानलं?"

"सासूनं नाही, नवऱ्यानं नाही. बोटातून रेशमाची तिल्ली गळते म्हटलं तर म्हणे कामाचा कंटाळा. पाय बधिर पडतो म्हटलं तर ही पारू म्हणते, आल्या नाजूकराणी!"

शेजारच्या मागावर पारूनं जीभ चावली.

"आणि सगळ्यांच्या तोंडी एकच. आक्कांकडे बघ. साठी उलटली, कधी हूं की चूं केलं?"

आक्कांचा हात चालूच.

आक्का एकट्या राहत, त्यांच्या घरातच हे सगळे माग. तिथं एक रीत पडली होती. आक्का बसल्यात तोवर कोणी उठायचं नाही. आणि आक्का उठतच नसत. बायका यायच्या आधी त्या खड्ड्यात असायच्या. दिवे लागले की खड्ड्यातूनच म्हणायच्या, "जा आता."

उठावं लागू नये म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नसत. लघवी दाबून धरत. आक्कांच्या बसण्याला लोक तप म्हणत. परगावची माणसं येऊन खड्ड्याच्या काठावर डोकं टेकवून जात.

कौतिक त्यांची सगळ्यात पक्की चेली. ओली बाळंतीण असताना येऊन बसली होती. ते ऐटीत सांगायची.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"मणक्यात शीर दबलीय. म्हणाला, मधून मधून उठायचं होतं. चार पावलं चालायचं. मान, खांदे सैल सोडायचे. बुडाखाली कापडाची घडी घालून उंच बसायचं. पाणी प्यायचं. एवढंच होतं म्हणे, बाई!... बोटांतलं बळ गेलं ते आता येत नाही."

"मग?"

"मी त्याला म्हटलं, आमच्या आक्कांना तर काही होत नाही."

आक्कांचा हात पहिल्यांदा अडखळला.

"उद्यापासून माझी सून बसणार इथं," कौतिक म्हणाली. "पोटुशी आहे. मला माझ्या हाताचं काही नाही, गेला तो गेला. पण तिला उठायला सांगा."

"सांगितलं तर ऐकेल?"

कौतिकनं मान हलवली.

"...नाही ऐकणार. मी तरी कुठं ऐकलं असतं? ती म्हणेल, आक्का उठतात का?"

"मग?"

"मग उठा ना! एकदा उठून दाखवा! काय बिघडतं तुमचं? तप मोडतं?"

सगळे माग थांबले. आक्कांना असं कोणी बोललं नव्हतं.

आक्कांनी तिल्ली खाली ठेवली. दोन्ही तळवे काठावर टेकले. जोर लावला.

कोपरं लटलट कापली. अंग वीतभर वर आलं आणि धप्पकन खाली बसलं.

पारू धावली.

"हात लावू नको. बघा सगळ्या."

आक्कांनी छाती काठावर टाकली. कोपरांवर फरफटत स्वतःला बाहेर ओढलं. धान्याचं पोतं ओढावं तसं. लुगडं वर सरकलं, ते सावरायला हात मोकळा नव्हता. मग त्या जमिनीवर कुशीला पडल्या. श्वास भात्यासारखा चाललेला.

गुडघे सरळ झाले नाहीत. जमिनीवर आडवी पडलेली बाई खड्ड्यात बसलेलीच दिसत होती.



"कधीपासून?" कौतिकनं विचारलं.

"तुझा लेक रांगत होता तेव्हापासून."

"रोज रात्री असं? एकट्या?"

"पहाटेही. आत उतरताना."

"आणि आम्ही तप म्हणत होतो! मी पाणी प्यायचं सोडलं, आक्का! लेकराला पाजायला उठले नाही, दूध पदराला गळत होतं! एकदा बोलायचं होतं!"

"लोक पाया पडत होते."

मागे कोणीतरी आपल्या खड्ड्यातून वर आली. मग दुसरी. मग पारू पाण्याच्या माठाकडे गेली. आज कोणी "जा" म्हटलं नव्हतं.

कौतिक खांब सोडून मातीत बसली. आक्कांचं तोंड आता तिच्या तोंडासमोर होतं.

"उद्या सून विचारेल. आत्याबाई, तुमचा हात कोणी खाल्ला? माझी सासू म्हणते नखरा, डॉक्टर म्हणतो काम. मी कोणाचं नाव सांगू?"

आक्कांनी डोळे मिटले नाहीत.

"आक्का म्हणू नको. पुरं नाव सांग. वेणूबाई त्र्यंबक साळी."