आनंदाची रहस्ये आणि तव्यावरचे बोंबील

"घरात देव सापडत नसेल तर माणसाने जायचं कुठे, फादर?"

फादर रायमुंद केळी सोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कुठे कुठे शोधलास?"

"सगळीकडे."

"माळ्यावर?"

बावतीस सरांना चेष्टा कळायची, पण सोसायची नाही. ते वसईजवळच्या त्या गावातल्या शाळेत पी.टी.चे सर होते. पोरांना रांगेत उभं करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि देवालाही माणसं रांगेतच आवडतात अशी त्यांची समजूत होती.

फादर रायमुंद निवृत्त होऊन चर्चमागच्या खोलीत राहायचे. राजेळी केळी सोलायची, चटईवर उन्हात वाळवायची, त्यांची सुकेळी झाली की गावभर वाटायची, एवढाच आता त्यांचा व्याप. कुणी विचारायला आलं तर फादर त्याच्याही हातात एक केळं द्यायचे. सोलता सोलता निम्म्या लोकांचे प्रश्न सुटायचे, आणि उरलेल्यांची निदान केळी तरी सोलून व्हायची.

बावतीस सरांनी केळं हातात धरलं, सोललं मात्र नाही.

"मी आश्रमात जातोय, फादर. डोंगरावरच्या, आपल्या ख्रिस्ती लोकांच्याच. वर्षभर. शाळेतून बिनपगारी रजा मिळेल. पण तिथले स्वामी म्हणतात, संसारी माणूस असेल तर धर्मगुरूंचा शब्द पाहिजे. तुम्ही शब्द टाका."

"फ्लोरीला विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली तुझी बायको?"

"म्हणाली, जेवून जाणार की न जेवता? त्याप्रमाणे भात लावते."

फादरांचा हात थांबला. हे उत्तर त्यांना अजिबात आवडलं नाही.

"भांडली नाही?"

"नाही. शांत होती. तेवढी एकच प्रगती आहे आमच्या घरात."

"शांत…" फादर म्हणाले, आणि चटईवरची केळी उलटू लागले.

बावतीस सरांना वाटलं, फादरांना पटतंय. मग त्यांनी घरच्यांच्या तक्रारी एकामागून एक सांगायला घेतल्या. संध्याकाळची घंटा झाली की घरात माळेची प्रार्थना असते, येशू-मारियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, म्हणजे पाच रहस्ये, वारानुसार आनंदाची किंवा दुःखाची. आई दुसऱ्या रहस्याला पेंगते, चौथ्याला दचकून उठते आणि भलतंच उत्तर देते. लेक डेल्सी आजीकडे बघून हसते. फ्लोरी तर अर्धी माळ स्वयंपाकघरातून म्हणते. अल्तारासमोर, म्हणजे घरच्या देव्हाऱ्यासमोर, गुडघ्यावर असते, मध्येच उठून आत जाते, आतून 'नमो मारिये' ऐकू येतं आणि त्यावर कुकरची शिट्टी.

"शिट्टी तुझ्या ओळखीचीच की," फादर म्हणाले.

"चर्चच्या त्या प्रार्थना शिबिरातून, रिट्रीटहून आल्यापासून मी सगळं बंद केलंय. आता कुणी हलत नाही. कुणी हसत नाही. तरीसुद्धा, फादर…"

"तरीसुद्धा काय?"

बावतीस सरांनी हातातलं केळं उलटसुलट केलं. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"बाबा गेले ना गेल्या वर्षी. सगळे रडत होते, प्रार्थना म्हणत होते. मी खांबासारखा उभा. एक शब्द सुचला नाही मला. तेव्हाच कळलं, आतून मी कोरडा आहे. आणि अजून कोरडाच आहे, फादर. म्हणून जायचंय."

फादरांनी मान हलवली. या माणसाचं दुःख खरं होतं. फक्त तो ते घरातल्या सगळ्यांना कवायत करायला लावून घालवायला निघाला होता.

"आज कुठली रहस्ये?" त्यांनी विचारलं.

"सोमवार. आनंदाची."

हे सांगताना बावतीस सरांचा चेहरा असा होता, की बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी वारलंय.

"मग आज मी येतो प्रार्थनेला," फादर म्हणाले. "तुझ्या घरात देव आहे की नाही, बघून सांगतो. आणि फ्लोरीला म्हणावं, बोंबील मिळाले तर बघ."

सर खूश होऊन गेले. फादर आले की घरच्यांची चांगली खरडपट्टी काढतील, अशी त्यांना खात्री होती. केळं त्यांनी न सोलताच परत ठेवलं.

संध्याकाळी फादर पोचले तेव्हा अल्तारासमोर रांग तयार होती. उंचीप्रमाणे. पुढे डेल्सी, मग फ्लोरी, मग सर स्वतः. नातालबाईंना, म्हणजे सरांच्या आईला, गुडघ्यांमुळे बसायची सवलत होती. पण खुर्ची काढून स्टूल दिलं होतं. पाठ टेकायला काही नसलं म्हणजे झोप लागत नाही, हा सरांचा हिशेब.

"फादर, या," नातालबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी बोंबील आहेत. ताजे. फ्लोरी आत्ताच…"

"आई. प्रार्थनेनंतर."

"बरं बाबा."

फ्लोरीने नमस्कार केला. फादरांनी ह्या मुलीचं लग्न लावलं होतं. वेदीसमोर शपथ घेताना तिला हसू आवरेना, आणि दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली होती. ती हीच, हे आज सांगावं लागलं असतं.

घंटा झाली.

"तव्यावर…" फ्लोरी हळूच म्हणाली.

"देवापुढे तवा?" सर म्हणाले. "माळ संपेपर्यंत कुणी हलायचं नाही."

फ्लोरी हलली नाही.

प्रार्थना सुरू झाली. सरांचा आवाज खणखणीत. पहिलं रहस्य पार पडलं. दुसरंही. कुणी पेंगलं नाही, कुणी हसलं नाही. बावतीस सरांनी हळूच फादरांकडे पाहिलं, शाबासकी मिळते का म्हणून. फादर डोळे मिटून बसले होते.

तिसऱ्या रहस्याला, प्रभूच्या जन्माच्या वेळी, स्वयंपाकघरातून वास आला.

आधी चांगला आला. मग जरा जास्तच चांगला. आणि मग वाईट.

फ्लोरीचे खांदे ताठ झाले, पण ती उठली नाही. डेल्सीने नाक दाबलं. दारातून धुराची एक बारीक रेघ आली आणि अल्तारावरच्या मारियेच्या मूर्तीभोवती फिरू लागली. बावतीस सरांनी धुराकडे पाहिलं आणि आवाज वाढवला. धूर काही आवाजाला भीत नाही.

"पोरा, बोंबील," नातालबाई म्हणाल्या.

"आई! हे आमच्या स्वर्गातील बापा…"

"अरे, आमच्या बापालाही वास गेला असेल एव्हाना."

डेल्सीच्या घशातून कसलासा आवाज आला. सरांनी वळून बघितलं. तिने तोंडात ओढणी कोंबली. सर पुढचा शब्द विसरले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा विसरले.

प्रार्थना थांबली. फक्त तवा बोलत होता…

तेव्हा फादर रायमुंद उठले. माळ हातातच होती. गुडघ्यावर हात टेकत सरळ झाले, रांगेच्या बाजूने चालत गेले आणि स्वयंपाकघरात शिरले. आणि आतून त्यांचा आवाज आला, संथ, जसा चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेवेळी असायचा तसाच.

"नमो मारिये, कृपापूर्णे, प्रभू तुझ्याठायी आहे…"

काहीतरी खरवडल्याचा आवाज.

"…हे पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी आता व आमच्या मरणसमयी… फ्लोरी, उलथनं कुठे ठेवतेस गं?… विनंती कर."

"आमेन," सगळे म्हणाले. सवयीने.

आणि मग नातालबाई हसल्या. पाठ टेकायला काही नव्हतं, त्यामुळे हसता हसता त्या स्टुलावरून पडायच्याच, डेल्सीने धरलं म्हणून वाचल्या. डेल्सी हसायला लागली. फ्लोरीने पदर तोंडाला लावला, पण उपयोग नव्हता. तिचं हसणं पदराच्या वरून, खालून, सगळीकडून बाहेर आलं. "फळीवर, फादर! डाव्या हाताला!" असं ओरडतच ती आत पळाली.

बावतीस सर एकटे गुडघ्यावर राहिले. रांग मोडली होती.

चौथं आणि पाचवं रहस्य स्वयंपाकघरातच झालं. फादर एक ओळ म्हणत, फ्लोरी बोंबील उलटत उत्तर देत होती, नातालबाई दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसल्या होत्या आणि कधी नव्हे ते प्रत्येक उत्तर बरोबर देत होत्या. सर दारापर्यंत आले. आत जायला जागा होती. पण ते उंबऱ्यावरच उभे राहिले.

जेवताना बोंबील एका बाजूने काळे होते. फादरांनी दुसऱ्या बाजूने खाल्ले.

सरांचा हात भातातच फिरत होता.

"पाचवं रहस्य चांगलं आहे हो, फादर," नातालबाई मध्येच म्हणाल्या. "बारा वर्षांचं पोर, येशू, देवळात राहिलं. देवाच्या घरीच राहिलं होतं, वाईट ठिकाणी नव्हतं गेलं. तरी मारियेने शोधलं आणि घरी नेलं. आईच ती." मग त्यांनी आणखी एक बोंबील वाढून घेतला.



"फ्लोरी," फादर म्हणाले, "बावतीस आश्रमात जातोय. मी शब्द टाकायचाय. तुझं काय म्हणणं?"

फ्लोरीने भाताचं भांडं खाली ठेवलं.

"जाऊ द्या, फादर."

"मनापासून सांग."

"मनापासूनच सांगते. आधी शाळेतून आले की पायातली चप्पल काढायच्या आत बडबड सुरू व्हायची. कुठला पोरगा उंच उडीत पडला, कुणी कुणाचा डबा खाल्ला. मी म्हणायची, अहो, आधी पाणी तरी प्या. आता येतात, हात धुतात, अल्तारासमोर जाऊन बसतात. बाबा गेल्यापासून माझ्याशी एक शब्द बाबांबद्दल बोलले नाहीत. मीही रडायची थांबलेय मग. आश्रमात गेले तर निदान वाट तरी बघता येईल. घरात बसलेल्या माणसाची वाट कशी बघायची?"

एवढं बोलून तिने ताटं गोळा केली आणि मागच्या दारी भांड्यांपाशी जाऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिने लपवलं नाही.

फादर आणि सर पडवीत आले.

 बावतीस सरांना राग आला होता, पण कुणाचा, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी जवळ सापडला तो पकडला.

"फादर, तुम्ही प्रार्थना अर्धवट सोडून उठलात."

"मी?"

"सगळ्यांनी पाहिलं."

"पाहिलं असेल. ऐकलं काय?"

सरांनी आठवून पाहिलं…

"मी म्हणतच होतो, बावतीस. थांबला होतास तू."

मागच्या दारातून भांड्यांचा आवाज येत होता. सर आपल्या तळहातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाबांना बोंबील फार आवडायचे. असेच. जरा करपलेले. आईशी मुद्दाम भांडायचे त्यावरून." आणि एवढं म्हणताना त्यांचा आवाज फाटला. वर्षभर जे आलं नव्हतं ते पडवीत, जेवणानंतर, काहीही न ठरवता आलं. ते लहान पोरासारखे रडले.

फादरांनी त्यांना थांबवलं नाही. प्रार्थनाही म्हटली नाही. शेजारी बसून राहिले.

थोड्या वेळाने सरांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. पी.टी.चा माणूस, रडून झालं तरी पुढचा कार्यक्रम काय, हे त्याला लागतंच.

"मग, फादर… आश्रमात जाऊ की नको?"

"जा की. मी कुठे नको म्हणतोय? मी तिथे राहिलोय तरुणपणी."

"तिथे सुरुवात कशाने करतात? मौनाने?"

"मौन फार पुढे. पहिलं वर्ष भांडी."

"भांडी?"

"सगळ्या आश्रमाची. दुसरं काही शिकवत नाहीत. वर्ष संपलं की स्वामी बोलावतात आणि एकच विचारतात. भांडी घासताना तोंडात कधी गाणं आलं का?"

"आणि जप, ध्यान… देव?"

फादर चपला शोधू लागले.

सर उठले. घरात गेले. मागच्या दारातून बाहेर पडले, आणि फ्लोरीच्या शेजारी, पँट वर न सरकवताच, ओल्या जमिनीवर बसले. फादर चपला घालून घराच्या बाजूने मागच्या अंगणात आले होते.

"अहो, हे काय? फादर बघतायत!"

"बघू दे. तो तवा इकडे दे."

"तुम्हाला यायचं नाही ते."

"दे म्हटलं ना."

त्यांनी काथ्या घेतला आणि करपलेला तवा घासायला सुरुवात केली. खांदे ताठ, मान सरळ, दात आवळलेले. फ्लोरीने एकदा तव्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या रडून लाल झालेल्या डोळ्यांकडे. मग पाण्याची बादली त्यांच्याकडे सरकवली आणि स्वतःही जरा सरकली.

फादर कुंपणाचं फाटक उघडत होते. बावतीस सरांनी तवा तसाच हातात धरून मान वर केली आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"पण फादर, गाणं नाही आलं तर?"

"तर पुन्हा पहिलं वर्ष."