मुकादमाच्या डोळ्यांतल्या बारीक वाहिन्या

खाडीकाठच्या एका गावात चांगो नावाचा मिठागराचा मुकादम राहत होता. पन्नाशी उलटली तरी अंगाने दणकट. वाफ्यातल्या पाण्यावर मिठाचा पहिला थर धरला, की त्याला बांधावरूनच कळे. मग तो हात वर करी आणि माणसं मीठ ओढायला उतरत.

तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात त्याचा रक्तदाब वाढलेला निघाला होता. रोज एक गोळी घ्यायला सांगितली होती. चांगोने ती आठवडाभर घेतली. मग त्याला वाटलं, आपलं तर काही दुखत नाही, आणि गोळी घेताना कुणी पाहिलं तर मुकादम म्हातारा झाला म्हणतील. त्याची बायको हिराबाई विचारी, "अहो, गोळी घेतलीत?" तो "हो" म्हणे आणि गोळी खाडीत टाकी. जेवताना खारवलेली मासळी आणि वरून मीठ ठरलेलंच.

त्या उन्हाळ्यात त्याला धूसर दिसू लागलं. एका सकाळी त्याने हात वर केला, माणसं उतरली, आणि मीठ कच्चं निघालं. अख्खा वाफा वाया गेला. मालक संतापला. घाबरून चांगोने बायजाकडे बोट दाखवलं. "हिनेच घाई केली."

बायजा मिठागरातली सगळ्यांत जुनी कामकरीण. ती एवढंच म्हणाली, "हात तुम्ही वर केलात, मुकादम."

मालकाने तिला कामावरून काढलं. चांगोने ते होऊ दिलं.

चष्मा लागला असेल, म्हणून तो तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घातले आणि बराच वेळ आत पाहिलं.

"काका, रक्तदाबाची गोळी घेता का?"

"रोज. एक दिवस चुकवत नाही."

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या डोळ्याच्या आतला फोटो पडद्यावर दाखवला. "या रक्ताच्या बारीक वाहिन्या. रक्ताचा जोर वर्षानुवर्षं वाढलेला राहिला, की त्यांच्या भिंती जाड होतात आणि आतली वाट अरुंद होते. हे लाल ठिपके दिसतात ना? तिथे रक्त पाझरलंय. म्हणून धूसर दिसतं. मूत्रपिंडात आणि मेंदूतही अशाच बारीक वाहिन्या असतात, काका."

"पण मला कधी दुखलं नाही!"

"यात दुखत नाहीच. म्हणून तर माणसं फसतात."

चांगो पडद्याकडे बघत खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, मी खोटं बोललो. तीन वर्षं गोळ्या फेकल्या. आता काही होईल का?"

"आता खरं सांगितलंत, म्हणजे होईल. पुष्कळसं सावरता येईल."

चांगो घरी गेला नाही. आधी मालकाकडे गेला आणि वाफा कुणामुळे वाया गेला ते सांगितलं. मग बायजाच्या दारात उभा राहिला. "चूक माझी होती. तुझ्यावर ढकलली."

बायजा त्याच्याकडे पाहत म्हणाली, "उशीर केलात. पण आलात." मालकाने तिला परत बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. वाफा तयार झाला की नाही हे त्या हंगामात तिनेच सांगितलं. मालकाने चांगोचं मुकादमपण काढलं नाही, आणि बायजाने सांगितल्यावर हात वर करायला त्यालाही लाज वाटली नाही.

रात्री हिराबाईलाही त्याने सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग तिने खारवलेली मासळी शेजारी देऊन टाकली. चांगो रोज गोळी घेऊ लागला, तीही बांधावर, सगळ्यांच्या देखत.

वर्षाने बाईंनी पुन्हा डोळे तपासले. ठिपके नाहीसे झाले होते. जाड झालेल्या काही वाहिन्या तशाच होत्या, पण काहींची वाट पुन्हा मोकळी झाली होती, आणि नवी इजा कुठेच नव्हती. "आता दिसतं कसं?" बाईंनी विचारलं.

"चांगलं दिसतं. पण बाई, आज मी एकटा नाही आलो."

बाहेर बाकावर मिठागरातली अकरा माणसं रक्तदाब मोजून घ्यायला बसली होती.

तात्पर्य: दुखत नाही म्हणून इजा होत नाही, असे समजू नये. आजार आणि चूक दोन्ही लपवल्याने वाढतात. जो वेळीच खरे सांगतो, त्याला सावरायला अवधी मिळतो.